बंद पडलेलं वर्तमानपत्र दिसतं, पोकळ झालेलं दिसत नाही

समासातला

स्थानिक वर्तमानपत्रं बंद पडताहेत यावर भरपूर दळण दळून झालंय. अमेरिकेत २००५ साली साधारण ८,९०० वर्तमानपत्रं होती, २०२४ मध्ये ५,६०० च्या आसपास उरली, म्हणजे तिनातलं एकाहून जास्त गेलं. गेलेल्यांसाठी इथे आधीच बरेच धागे आहेत. मला उरलेल्यांबद्दल बोलायचंय.

त्यातली बरीच आता मोठ्या साखळी कंपन्यांच्या नाहीतर गुंतवणूक फंडांच्या ताब्यात आहेत. नाव तेच, अक्षरांचं वळण तेच, नावाखालचं स्थापनेचं सालही तसंच. आत उघडून बघा. एजन्सीची बातमी, समूहातल्या दुसऱ्याच शहरातली बातमी, नटनट्यांच्या लग्नाचे फोटो. नगर परिषदेच्या बैठकीबद्दल अवाक्षर नाही, कारण बैठकीला कोणी गेलेलंच नसतं.

डेन्व्हर पोस्टचं उदाहरण घ्या. मालक आल्डन ग्लोबल कॅपिटल हा हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचा पैसा फिरवणारा गुंतवणूक फंड. एकेकाळी अडीचशेच्या वर माणसं असलेली न्यूजरूम शंभराच्या खाली आली, आणि पेपर नफ्यात असूनही २०१८ मध्ये आणखी ३० जणांना काढायचं ठरलं. तेव्हा त्यांच्या संपादकीय विभागाने मालकांनाच गिधाडं म्हणणारा मजकूर आपल्याच पेपरात छापला. सोबत न्यूजरूमचा २०१३ चा समूह फोटो होता, पुलित्झर हा पत्रकारितेतला मोठा पुरस्कार मिळाल्याच्या आनंदात काढलेला. नंतर जी माणसं गेली त्यांच्या जागी काळ्या आकृत्या.

दुसरं उदाहरण ऑगस्ट २०२३ चं. गॅनेट या मोठ्या साखळी समूहाने शाळांच्या सामन्यांच्या बातम्या यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या कोलंबस डिस्पॅच या पेपरात फुटबॉल सामन्याची एक बातमी आली. त्यात शाळांची नावं आणि २-१ हा निकाल बरोबर होता, पण संघांच्या टोपणनावांच्या जागी चौकटी कंसात 'विजयी संघाचं टोपणनाव' आणि 'पराभूत संघाचं टोपणनाव' असं जसंच्या तसं छापलेलं! रिकाम्या जागा भरायला यंत्र विसरलं, आणि प्रसिद्ध होण्याआधी ती बातमी एकाही माणसाच्या डोळ्यांखालून गेली नसावी. जगभर हसं झाल्यावर प्रयोग थांबवला.

माझ्या मते असा पेपर बंद पडलेल्या पेपरापेक्षा जास्त नुकसान करतो. बंद पडला की निदान बोंब होते. जागा रिकामी झालेली सगळ्यांना दिसते आणि कोणीतरी साप्ताहिक काढायचं, वेबसाइट सुरू करायचं मनावर घेतं. पोकळ पेपर जागा अडवून बसतो. कायद्याने छापाव्या लागणाऱ्या जाहीर नोटिसा त्यालाच, उरल्यासुरल्या जाहिराती त्यालाच, आणि लोक निर्धास्त, की आपल्याकडे पेपर आहे.

काय वाटतं? (आपल्याकडच्या जिल्हा दैनिकांसाठी वेगळा धागा आहे, ती चर्चा कृपया तिकडे.)

हुकलेली_ओळ

वाचनखूण साठवली. ते टोपणनावाचं प्रकरण माहीत नव्हतं, अशक्य आहे.

दुसरी_बाजू

लेख चांगला, पण खलनायक चुकीचा पकडलाय.

पेपर चालायचे ते बातम्यांवर नाही, छोट्या जाहिरातींवर. घर भाड्याने देणे, जुनी गाडी विकणे, माणूस पाहिजे. १९९५ मध्ये क्रेगलिस्ट ही छोट्या जाहिरातींची वेबसाइट सुरू झाली आणि हळूहळू हे सगळं फुकट झालं. अमेरिकन वर्तमानपत्रांचं जाहिरात उत्पन्न २००५ च्या सुमारास ४,९०० कोटी डॉलर होतं, २०२२ पर्यंत ते १,००० कोटींच्या खाली आलं. असा धंदा कोणाच्याही हातात असता तरी माणसं कमी करावीच लागली असती. वॉरन बफेनेही हौसेने पेपर विकत घेतले होते. २०२० मध्ये त्याने ते सगळे ली एंटरप्रायझेस या साखळीला १४ कोटी डॉलरला विकून अंग काढून घेतलं. त्याच्याकडे ना पैशांची कमी होती ना धीराची.

आणि 'घरगुती मालक चांगले, कॉर्पोरेट वाईट' हा भाबडेपणा आहे. ओहायोतलं यंग्सटाउनचं व्हिन्डिकेटर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये, शंभरी-दीडशेची परंपरा असूनही, बंद. त्यामागे कुठलाही हेज फंड नव्हता.

ताळेबंद

दुसरी_बाजू यांचं अर्धं म्हणणं मान्य. जाहिराती गेल्या, त्या कोणीच थांबवू शकलं नसतं. पण आटत चाललेल्या धंद्यावर कर्ज चढवायचं हे कोणीतरी खोलीत बसून, सही करून ठरवलेलं असतं. तेवढं जरा विस्कटून सांगतो, कारण या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते व्याजाबद्दल.

घेणारा स्वतःचे पैसे थोडे घालतो, बाकीचं कर्ज काढतो, आणि ते कर्ज बसतं विकत घेतलेल्या कंपनीच्या डोक्यावर. म्हणजे पेपरने स्वतःच्याच खरेदीचे हप्ते फेडायचे. २००७ मध्ये सॅम झेल या स्थावर मालमत्तेच्या धंद्यातल्या धनाढ्याने ट्रिब्यून कंपनी (शिकागो ट्रिब्यून, लॉस एंजेलिस टाइम्स वगैरेंची मालक) घेतली तेव्हा त्याचे स्वतःचे साधारण साडेएकतीस कोटी डॉलर होते आणि कंपनीवरचं एकूण कर्ज गेलं १,३०० कोटींच्या घरात. वर्षभरात, डिसेंबर २००८ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत. त्या वर्षी मंदी होती हे खरंच. पण बिनकर्जाचा माणूस मंदीत काटकसर करून तग धरतो, हप्तेवाल्याला ती सोय नसते.

२०१९ मध्ये गेटहाउस या दुसऱ्या साखळीच्या मूळ कंपनीने गॅनेट गिळली आणि नाव गॅनेटचंच ठेवलं. त्यासाठी अपोलो या गुंतवणूक कंपनीकडून सुमारे १८० कोटी डॉलरचं कर्ज, व्याज साडेअकरा टक्के. गुणाकार करा: वर्षाला २० कोटींच्या वर नुसतं व्याज. एका बातमीदारामागे वर्षाला ६० हजार डॉलर खर्च धरला (हा माझा अंदाज), तर तीन हजारांहून जास्त बातमीदारांचे पगार. कागदाचा भाव कंपनीच्या हातात नसतो, पेट्रोलचा नसतो. मग कात्री कुठे लागणार? पुढच्या तीन वर्षांत तिथलं मनुष्यबळ जवळजवळ निम्म्यावर आलं. कर्ज पुढे कमी दराने फिरवून घेतलं, पण गेलेली माणसं गेलीच.

ब्रिटनमध्येही तेच. जॉन्स्टन प्रेसने द स्कॉट्समन आणि त्याची भावंडं २००५-०६ मध्ये १६ कोटी पौंडांना घेतली, कर्जावर. २०१८ मध्ये कंपनी कर्जदात्यांच्या हातात गेली. नंतर आय हे राष्ट्रीय दैनिक वेगळं विकलं गेलं, आणि उरलेला अख्खा समूह, त्यात स्कॉट्समन आणि यॉर्कशायर पोस्टही आले, २०२१ च्या सुरुवातीला विकला गेला १ कोटी २ लाख पौंडांना. दोन्ही आकडे पुन्हा वाचा.

आता इमारती. २०१४ मध्ये ट्रिब्यूनची दोन शकलं झाली. टीव्ही वाहिन्या आणि स्थावर मालमत्ता एका कंपनीकडे, पेपर दुसरीकडे. पेपर स्वतःच्याच इमारतीत भाडेकरू झाले! शिवाय वेगळं होताना पेपरांच्या कंपनीने कर्ज काढून जुन्या कंपनीला २७.५ कोटी डॉलर लाभांश दिला. शिकागो ट्रिब्यूनने २०१८ मध्ये तो प्रसिद्ध ट्रिब्यून टॉवर सोडला, तिथे आता श्रीमंतांचे फ्लॅट आहेत. २०२१ मध्ये आल्डनने सुमारे ६३ कोटी डॉलरला कंपनी घेतल्यावर न्यूजरूम थेट छापखान्याच्या इमारतीत हलली. त्याही जागेवर आता कसिनो होतोय. थोडक्यात, आल्डन येण्याआधीच खाणाऱ्यांच्या दोन पंगती उठून गेल्या होत्या.

हुकलेली_ओळ

म्हणजे आल्डनला खरकटंच मिळालं म्हणायचं. हलके घ्या.

रात्रपाळी

इतके दिवस वाचनमात्र होते, पण या विषयावर गप्प बसवेना. मी उपसंपादक होते. कुठे ते सांगत नाही, समूहाचं नावही नको.

बाहेरून 'माणसं कमी केली' एवढंच दिसतं. आतून आधी जातं ते डेस्क, म्हणजे बातम्या तपासून पानं लावणारी मंडळी. आमच्या समूहाने वेगवेगळ्या आवृत्त्यांची डेस्कं उचलून एका शहरात आणली. रोज संध्याकाळी आम्ही कधीही न पाहिलेल्या गावांची पानं लावायचो. एकाच नावाचे रस्ते दोन-तीन गावांत असतात. एका गावातल्या अपघाताचा नकाशा दुसऱ्याच गावचा गेला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. जुन्या डेस्कवर हे होणं शक्यच नव्हतं. तिथे पान लावणारा माणूस त्याच रस्त्याने कामावर यायचा.

दुसरी जाते वेळ. स्वतःचा छापखाना बंद करून लांबच्या छापखान्यातून अंक काढायचा ठरला की पानं सोडायची वेळ दोन-चार तासांनी अलीकडे येते. गॅनेटच्या कित्येक पेपरांनी तर पोरांकडून अंक टाकणं बंद करून तो टपालाने पाठवायला सुरुवात केली. नगर परिषदेची बैठक रात्री, निवडणुकीचे निकाल रात्री, सामना रात्री. सगळं परवाच्या अंकात. मग वरून अहवाल येतो की लोक बैठकांच्या बातम्या वाचत नाहीत. शिळी बातमी कोण वाचणार?

आणि तिसरं म्हणजे बीट, म्हणजे एकाच बातमीदाराने एकच विषय वर्षानुवर्षं सांभाळणं. हे सगळ्यात महाग, म्हणून ते जातंच. परिषदेच्या बैठकीची विषयपत्रिका दोन-तीनशे पानांची असते. गडबड असते ती 'ऐनवेळचे विषय' या शीर्षकाखाली, नाहीतर मागच्या कुठल्यातरी जोडपत्रात, जिथे ठेकेदाराला मुदतवाढ एका वाक्यात दिलेली असते. ते वाक्य खटकायला त्या ठेकेदाराचं नाव मागच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कागदात वाचलेलं असावं लागतं. बीट सांभाळणाऱ्याला ते आठवतं. आमच्याकडे एक ज्येष्ठ होते. ते बैठकीत काही लिहून घ्यायचे नाहीत, नुसते पहिल्या रांगेत बसायचे. अधिकारी आकडे सांगताना त्यांच्याकडे बघून सांगायचे. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नाही. बैठका तेव्हापासून लवकर संपायला लागल्या म्हणे.

तळटीप

रात्रपाळी, प्रतिसाद फार आवडला. तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला जोड म्हणून कॅलिफोर्नियातलं बेल शहर आठवलं. वस्ती चाळीस हजारांच्या आत, बहुतेक कष्टकरी. २०१० मध्ये उघड झालं की तिथला सिटी मॅनेजर (शहराचा मुख्य प्रशासकीय अधिकारी) रॉबर्ट रिझो वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेतोय, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जवळजवळ दुप्पट. तो त्या खुर्चीत १९९३ पासून. हे शोधलं लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी, तेही शेजारच्या मेवूड गावाची भानगड बघायला गेले असताना. पुढे रिझो बारा वर्षांसाठी तुरुंगात गेला, पेपरला पुलित्झर मिळालं.

पैशांच्या भाषेतही पुरावा आहे. तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या नगरपालिकांचे कर्जरोखे तपासले (अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला). स्थानिक पेपर बंद पडल्यानंतर त्या भागातल्या सरकारी संस्थांना कर्ज ०.०५ ते ०.११ टक्के महाग पडायला लागलं. आकडा चिमुकला दिसतो, पण कोट्यवधींच्या, वीस-तीस वर्षांच्या कर्जावर लावून बघा. कर्ज देणाऱ्यांना कळतं की इथे आता कोणी बघत नाही, आणि त्याची किंमत ते करदात्याकडून वसूल करतात.

दुसरी_बाजू

तळटीप, बेलचं उदाहरण माझ्या बाजूने दिल्याबद्दल आभार. :) २०१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स कोणाचा होता? त्याच दिवाळखोर ट्रिब्यूनचा, ज्यावर ताळेबंद यांनी वर शाई संपवली. कॉर्पोरेट मालक, डोक्यावर कर्ज, कोर्टात दिवाळखोरीचा खटला, आणि तरीही पुलित्झर.

समासातला

मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धवट. दिवाळखोरीतही त्यांच्याकडे शेकडो बातमीदार उरले होते, म्हणून दोघांना एका छोट्या गावात पाठवणं परवडलं. आणि तरी शेजारच्या गावाच्या भानगडीतून सापडलं, मुद्दाम बेलवर नजर ठेवून नाही. रिझोचा पगार सतरा वर्षं चढत होता. बैठकीला पहिल्या रांगेत बसणारं कोणी असतं तर कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कोणीतरी विचारलं असतं.

आता देशाचा आकडा बघा. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या न्यूजरूममध्ये २००८ साली सुमारे ७१,००० माणसं होती, २०२० मध्ये ३१,०००. योगायोगाने काही सापडायलाही पुरेशी माणसं बाहेर फिरावी लागतात.

उंटावरून

सगळा धागा वाचला नाही, पण आता फेसबुक ग्रुप, व्हॉट्सॲप आहेत ना? आमच्या ग्रुपवर पाणी जाणार असेल तर पेपरच्या आधी कळतं. बातमीदार हवाच कशाला?

रात्रपाळी

@उंटावरून, पाणी जाणार हे ग्रुपवर कळतं. पाइपलाइनचं कंत्राट कोणाला गेलं ते कळतं का?

जरा गंभीर उत्तर. लोक लिहितात, आणि कधीकधी अगदी नेमकं लिहितात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांनी आपल्या ब्लॉगवर आगीच्या धोक्याबद्दल वारंवार लिहिलं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर एखादी मोठी दुर्घटना झाल्याशिवाय व्यवस्थापनाचा कारभार उघडा पडणार नाही, अशा अर्थाचं लिहिलं. जून २०१७ मध्ये आग लागली, ७२ माणसं गेली. माहिती जाहीर होती, कोणीही वाचू शकत होतं. ती उचलून अधिकाऱ्याला फोन करणारं, उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर दिलं नाही' असं छापणारं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करणारं कोणी नव्हतं. ग्रुपवरचा संताप दुसऱ्या दिवशी खाली सरकतो, अधिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

ताळेबंद

उपायांवर कोणी बोललं नाही म्हणून थोडं. सॉल्ट लेक ट्रिब्यूनने २०१९ मध्ये ना-नफा संस्थेचा दर्जा घेतला. फिलाडेल्फिया इन्क्वायररची मालकी २०१६ मध्ये एका धर्मादाय संस्थेकडे गेली. डेन्व्हर पोस्टमधून बाहेर पडलेल्यांनी २०१८ मध्येच कोलोरॅडो सन काढलं. बाल्टिमोरमध्ये एका हॉटेल व्यावसायिकाला बाल्टिमोर सन विकत घ्यायचा होता, पेपर आल्डनकडे गेला, तर या व्यावसायिकाने २०२२ मध्ये बाल्टिमोर बॅनर ही नवीच ना-नफा न्यूजरूम उभी केली. २०२५ मध्ये तिने पुलित्झरही मिळवलं.

पण ना-नफा म्हणजे अमृत नाही. कोलोरॅडोतली २४ छोटी वर्तमानपत्रं २०२१ मध्ये एका ना-नफा ट्रस्टने फंडांच्या हाती पडू नयेत म्हणून मोठ्या कौतुकात विकत घेतली. २०२५ मध्ये त्यातली २१ त्यांनी एका खासगी कंपनीला विकली.

ब्रिटनमधला प्रकार आणखी मजेशीर. बीबीसी परवाना शुल्कातून (टीव्हीसाठी प्रेक्षक भरतात ते) दीडशेच्या वर स्थानिक बातमीदारांचे पगार देते, नगर परिषदा कव्हर करण्यासाठी. चांगली योजना, उपयोगही होतो. पण ते बातमीदार बहुतेक नोकरीला असतात रीच, न्यूजक्वेस्ट अशा साखळी कंपन्यांकडे, म्हणजे ज्यांनी आधी हीच पदं कापली त्यांच्याकडे. आणि न्यूजक्वेस्टची मालक कोण? गॅनेट (२०२५ मध्ये तिने यूएसए टुडे कंपनी असं नाव घेतलं).

दुसरी_बाजू

हे शेवटचं वाचून मात्र मलाही राग आला. नोंद घ्यावी.

तरी 'मालकाच्या मनात काय आहे' यापेक्षा 'मालक कुठे राहतो' हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅन्ससमधल्या मेरियन काउंटी रेकॉर्ड या छोट्या साप्ताहिकावर पोलिसांनी छापा घातला, संगणक उचलून नेले. मालक-संपादक त्याच गावचे. त्यांच्या घरीही छापा पडला, आणि सहमालक असलेल्या त्यांच्या ९८ वर्षांच्या आई दुसऱ्याच दिवशी गेल्या. तरी पुढचा अंक वेळेवर निघाला. दूरच्या फंडाने वकिलाचं बिल बघून प्रकरण मिटवलं असतं असं मला वाटतं. पण गावातला मालक गावातल्या बड्या जाहिरातदाराची बातमी दाबतो हेही तितकंच खरं. त्याच्या मुलीच्या लग्नाला जायचं असतं ना.

हुकलेली_ओळ

प्रॅक्टिकल प्रश्न विचारू? आपण वाचतो तो पेपर पोकळ झालाय का हे साध्या वाचकाने कसं ओळखायचं? आणि झाला असेल तर वर्गणी भरायची की नाही? न भरून तो मेला तर पाप माझ्या माथी, आणि भरून तरी पैसे व्याजातच जाणार.

रात्रपाळी

ओळखायचं सोपं आहे. आठवडाभराचे अंक घ्या आणि स्थानिक बातम्यांवर कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. तीच दोन नावं खेळ, गुन्हे आणि परिषद सगळीकडे असतील तर समजून जा. परिषदेची बैठक कधी झाली ते त्यांच्या संकेतस्थळावर सापडतं, तिची बातमी किती दिवसांनी आली ते बघा, आली असली तर. आणि त्या बातमीत विरोधात बोलणाऱ्याचं एक तरी वाक्य आहे का? नसेल तर ते परिषदेचं प्रसिद्धिपत्रक आहे, वर फक्त शीर्षक बदललेलं. शेवटी कार्यालयाचा पत्ता शोधा. काही पेपरांच्या पत्त्यावर आता नुसती टपालपेटी असते.

ताळेबंद

वर्गणीचं माझं मत: त्या दोन नावांपैकी एकाचं तरी काम तुम्हाला पटत असेल तर एक वर्ष भरा, आणि भरताना कोणाच्या कोणत्या बातमीसाठी भरताय ते संपादकांना लिहून कळवा. साखळीच्या मुख्यालयात कोणाला ठेवायचं याच्या याद्या होतात तेव्हा हा कागद संपादकाच्या हातात असलेला बरा. तोच बातमीदार बाहेर पडून स्वतःचं काही काढत असेल, तर पुढच्या वर्षीचे पैसे तिकडे वळवा.

दुसरी_बाजू

याला चक्क सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.